चष्म्यावरचे दोन ठिपके

मी माणसं चेहऱ्यावरून ओळखत नाही, चष्म्यावरून ओळखते. मामाच्या चष्म्याच्या दुकानात आठ वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार? म्हणूनच सुट्टीच्या त्या सकाळी डोंगराच्या पहिल्या वळणावर मला आधी दिसली ती काळी चौकोनी फ्रेम, आणि मग तिच्यामागचा माणूस.

माणूस सपाट वाटेवर, समोर पायरी असल्यासारखा, पाय उंच उचलून टाकत होता. मला हसू आवरेना.

“कोणाला सलामी देताय?”

तो वळला. “अरे! चष्मेवाल्या बाई!”

“बाई? मी अठ्ठावीस वर्षांची आहे.”

“मग मीही पाटीवाले काका नाही. तेहतीस फक्त.”

तो दुकानांच्या पाट्या हाताने रंगवायचा. दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे चष्मा करायला आला, तेव्हा त्याच्या नखांत निळा रंग होता. निळा रंग आठवतो म्हणजे बाकीचंही आठवत असणार, हे कळण्याइतकी वाचकमंडळी हुशार आहेतच.

माझ्यासोबत दादा-वहिनी आले होते. दादा पुढे गेला होता. वहिनीने आमच्याकडे एकदा नीट बघितलं आणि “मी जरा यांना गाठते हं” म्हणत जी सुटली! एरवी दोन जिने चढली की धापा टाकणारी बाई...

उन्हाळा सरत आला होता. ऊन होतं, पण त्यातला राग गेला होता. आम्ही रमतगमत चढलो. माझ्याकडची उकडलेली अंडी त्याने खाल्ली, त्याच्याकडची सफरचंदं मी. वाटेवरच्या लाकडी पाटीवर ‘माथा’ असं लिहिलं होतं. तो तिच्यासमोर थांबून अक्षरांना नावं ठेवू लागला. “‘मा’चं पोट बघा. जेवून आलाय.”

“तुम्ही द्या ना नवी रंगवून.”

तो पाटीसमोरून वळला आणि म्हणाला, “आता नाही जमत. सोमवारी मी भावाकडे चाललोय, कायमचा. त्याच्या गोदामात काम आहे. माल मोजायचा.”

“का पण?”

“हात गेला माझा. रेघ सरळ ओढतो, मागे येऊन बघतो तर वाकडी. शिडीची पायरी दिसते एकीकडे, असते दुसरीकडे. गेल्या आठवड्यात पडता पडता वाचलो. संध्याकाळी डोकं असं भणभणतं...”

“कधीपासून?”

“झाले दोनेक महिने.”

मी चालायची थांबले.

“चष्मा तपासला?”

“डॉक्टर म्हणाले नंबर बरोबर आहे. आणि तुमच्या दुकानात चूक होत नाही म्हणतात सगळे. चूक हाताचीच.”

सगळे म्हणतात, कारण मामा सगळ्यांना सांगतो. ‘आमच्या भाचीचं माप म्हणजे माप!’ आठ वर्षांत माझं एकही माप चुकलं नव्हतं. मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू? आता गप्प बसले असते तर तो माज शाबूत राहिला असता, आणि सोमवारी हा माणूस गोदामात खोकी मोजायला निघून गेला असता.

“चष्मा द्या इकडे,” मी म्हटलं.

माथा आता समोरच होता आणि तिथे एक खांब होता. चष्मा हातभर लांब धरून मी एक डोळा मिटला. काचेतून दिसणारा खांब काचेबाहेरच्या खांबाशी जिथे सरळ जुळतो, तिथे काचेचा मध्य असतो. काजळाच्या पेन्सिलीने मी तिथे ठिपका दिला. मग दुसऱ्या काचेवर दुसरा.

“आता घाला. माझ्याकडे बघा.”

त्याने बघितलं. ठिपके बुबुळांवर यायला हवे होते. ते दोन्हीकडे बाहेर सरकून बसले होते, जणू आपापसांत भांडण झालंय.

“मी विनोदी दिसतोय का?”

“नाही,” मी म्हटलं. “तुमचा हात अगदी ठीक आहे. माझं चुकलं. दोन डोळ्यांमधलं अंतर मी चुकीचं लिहिलं. इतक्या मोठ्या नंबरला तेवढंही पुरतं.”

तो रागावेल असं वाटलं. रागवायला हवंच होतं. शिडीवरून पडला असता तर? मी तसं म्हणालेही. तो मात्र ठिपक्यांआडून माझ्याकडे बघत राहिला.

“तुमचं कसं चुकलं पण? तुमचं तर चुकत नाही.”

“पट्टी धरली होती... मोजत होते... आणि विसरले.”

“काय विसरलात?”

“काय मोजतेय ते.”

“का?”

“तुम्ही बघत होतात!”

“तुम्हीच म्हणालात, माझ्या डोळ्याकडे बघा.”

“सगळ्यांनाच म्हणते मी! सगळे बघतात! पण असं... असं कोणी बघत नाही.” आता तोंड सुटलंच आहे तर सुटू दे म्हणत मी पुढे बोलले, “परत मोजायला हवं होतं. पण परत त्या डोळ्यांत बघायचं धैर्य झालं नाही. म्हणून अंदाजाने आकडा लिहिला. मला तुम्ही आवडलात. चष्मा मी नवा करून देईन. चार दिवस लागतील. सोमवारी जाऊ नका.”

त्याने चष्मा काढून खिशात ठेवला.

“चष्मा नेल्यापासून मी तीनदा दांडी घट्ट करायला आलो होतो,” तो हळूच म्हणाला. “दर वेळी तुमचे मामा भेटले. दांडी सैल नव्हतीच.”

मला एकदम हसू आणि रडू आलं.

“चष्म्याशिवाय खाली कसे उतरणार आता?”

“वाट दिसत नाही,” त्याने कबूल केलं. “हातभर अंतरावरचं तेवढं ओळखू येतं.”

मी हातभर अंतरावरच होते. मी हात पुढे केला. त्याने तो धरला. त्याच्या नखांत या वेळी हिरवा रंग होता.

निम्म्या उतारावर मोबाइलला रेंज आली. त्याने भावाला फोन लावला. “दादा, मी येत नाहीये... नाही, तब्येत बरी आहे. उलट आजच कळलं की बरी आहे.”

पायथ्याशी वहिनी बाकावर वाट बघत बसली होती. तिची नजर आमच्या हातांवर आली आणि तिथेच थांबली.

“हे कोण?”

“आमचं गिऱ्हाईक,” मी म्हटलं.

“असं हात धरून उतरवतेस तू गिऱ्हाइकांना?”

तो हात सोडवून घ्यायला लागला. मी घट्ट धरला.

“नाही वहिनी. यांनाच.”