साईराज गेल्यानंतरचे फोटो

"नवरा जाऊन आठवडा झाला," सुप्रिया म्हणाली, "आणि त्याचा कॅमेरा अजून रोज फोटो काढतोय."

डिटेक्टिव्ह समिधाने तिच्याकडे नीट पाहिलं. सहायक प्रवीण मात्र हळूच दाराकडे सरकला.

भिवपुरीच्या त्या घरात सूक्ष्मदर्शकाचा दिवा जळत होता. वर कॅमेरा, शेजारी लॅपटॉप. साईराज शेवाळातले सूक्ष्म जीव टिपायचा. याच खुर्चीत, घरात एकटा असताना, तो गेला होता.

"गावचा भगत म्हनतो, सगळं नदीत सोडा," धाकटा दीर नरेश दाराबाहेरून म्हणाला. "सामान न्यायला टेंपो येतोय."

"त्यांचं आयुष्यभराचं काम आहे ते, भाऊजी!" सुप्रियाने छोट्या रियाला घट्ट धरलं. "पण ही जेवतच नाही हो. यंत्रात बाबा आहे म्हणते, समोरून हलत नाही."

"दिवा कोण चालू ठेवतं?" समिधाने विचारलं.

"मी," साईराजची आई येसूबाई म्हणाली. "माज्या लेकानं लावलेला हाय. विझू देनार नाय."

"आणि कॅमेरा?"

"काय हललं की आपसूक फोटो निघतो, दादानंच तसं लावलंय," नरेश म्हणाला. "पन हलनार काय? शेवाळ कवाच सुकलं असंल. मी तर खोलीत पाय टाकत नाय."

"घाबरता?" प्रवीणने विचारलं.

"तुमी का दारात उभे?"

समिधाने फोटो पाहिले. आठ पायांचा, पारदर्शक, गुबगुबीत जीव रांगत होता. कडेला लव असलेला हिरवा तुकडा. तिने शेवाळाच्या काचेला बोट लावलं. ओलं होतं.

"हे जीव सुकले की मेल्यासारखे पडून राहतात," ती म्हणाली. "पाणी मिळालं की पुन्हा चालू लागतात. म्हणजे रोज कुणीतरी पाणी घालतंय. नरेश आत येत नाहीत. सुप्रियाताई घालत असत्या, तर मला बोलावलं नसतं. आणि शेवाळाला अशी लव नसते. हे तुळशीचं पान आहे. जाणाऱ्याच्या तोंडात आपण तुळशीपाणी घालतो. साईराज एकटे गेले."

येसूबाईने पदर तोंडाला लावला. "त्याच्या तोंडात पानी पडलं नाय गं. शेवटी जितं बघत व्हता, तितं घातलं."

बाहेर टेंपोचा हॉर्न वाजला. मग सुप्रियाने सासूला त्या खुर्चीत बसवलं.

"इथून बघा, आई."

येसूबाई बराच वेळ वाकून राहिली. "अगं बाय... चालतंय की! ह्याच्यापायी हाक मारली तरी उठत नव्हता व्हय?"

नरेश टेंपो परत पाठवायला गेला. रिया आजीच्या मांडीवर चढली. "मला दाखव."

"आदी चार घास खा," येसूबाई म्हणाली. "मंग दोघी बघू."