एका सुताची चकती

प्रेमात पडण्याआधी माणूस निदान उभा तरी असावा, असं माझं मत होतं. ते बासष्ट वर्षं टिकलं. मग एका मंगळवारी सकाळी रजिस्टरांचा गठ्ठा उचलायला वाकले, कमरेत कडकन काहीतरी झालं, आणि मी माझ्याच बाइंडिंगच्या दुकानात टेबलाशेजारी उताणी पडले. उसण भरणं मला नवीन नव्हतं. पण ही उसण नव्हती. श्वास घेतला तरी डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

तेवढ्यात दार उघडलं. जमिनीवरून मला फक्त दोन तपकिरी बूट दिसले. एकाची नाडी सुटलेली.

“दुकान उघडं आहे ना?”

“दुकान उघडं आहे. मालकीण बंद पडलीय.”

दुसरा कोणी असता तर काखेत हात घालून मला ओढायला धावला असता. या माणसाने हातातली वही बाजूला ठेवली आणि माझ्यापासून हातभर अंतरावर सरळ आडवा झाला. फरशीवर! पांढऱ्या मिश्या, कानामागे पेन्सिल, आणि चेहरा इतका शांत, की जणू आम्ही दोघं रोज इथेच पडत असतो.

“तुम्ही कशाला आडवे झालात?”

“तुम्हाला मान वळवायला लागू नये म्हणून. पाय हलतात का?”

“हलतात. तुमच्या बुटाची नाडी सुटलीय.”

“सुटू दे. मी मिस्त्री आहे, लाकूडकाम करतो. कुठली वस्तू ओढून काढायची नसते, एवढं मला कळतं.”

वस्तू म्हणाले मला! दुखत नसतं तर चांगलं सुनावलं असतं. पण त्यांनी पडल्यापडल्याच फोन करून ॲम्ब्युलन्स बोलावली, ती येईपर्यंत तसेच पडून बोलत राहिले आणि मी ऐकत राहिले. स्ट्रेचर काही माझ्या मांडण्यांमधून आत शिरेना. तेव्हा मिस्त्रींनी दुकानामागच्या माझ्या राहत्या खोलीचं अरुंद दार बिजागऱ्यांतून काढलं, ॲम्ब्युलन्सवाल्यांच्या मदतीने मला अलगद त्यावर सरकवलं, आणि माझ्याच घराच्या दारावर झोपवून मला दाराबाहेर नेलं. सगळी गल्ली बघत होती. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मणक्यातली गादी सरकली होती. “ऑपरेशन नको, पण तीन-चार महिने वाकणं बंद, उचलणं बंद,” डॉक्टर म्हणाले. लेक धावत आली. तीन आठवडे तिने माझं सगळं केलं, आणि जायच्या आदल्या संध्याकाळी मला कोंडीत पकडलं.

“आई, त्या दिवशी ते काका आले नसते तर? तू दोन दिवस तशीच पडून राहिली असतीस, तर मला कोणी कळवलं असतं?”

“पण आले ना.”

“दर वेळी येतील?” तिने खुर्ची माझ्यासमोर ओढली. “मी अडीच महिन्यांनी येते. रोज व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलीने सांगितलंय ना, साध्या खुर्चीतून हात न टेकता लागोपाठ दहा वेळा उठता आलं म्हणजे माणूस एकटा राहू शकतो. तेवढं करून दाखव. नाही जमलं तर दुकानाला कुलूप, आणि तू माझ्याकडे.”

“तुझ्याकडे येऊन मी काय करू?”

“आराम!”

नवरा गेल्यापासून अकरा वर्षं हे दुकान मी एकटीने ओढलंय. सकाळी कागदाचा वास नाकात गेला नाही तर मला दिवस उगवल्यासारखं वाटत नाही. पण लेकीचंही खोटं नव्हतं. मी हो म्हटलं, आणि या अटीबद्दल कोणापाशी चकार शब्द काढला नाही. सांगायचं म्हणजे कीव करून घ्यायची, आणि कीव मला औषधापेक्षा कडू लागते.

दुसऱ्या दिवशी लेक गेल्यावर मिस्त्री ते काढलेलं दार अखेर परत बसवायला आले. मी त्या वेळी खुर्चीतून उठायचा प्रयत्न करत होते. दोन्ही मुठी आवळून, दात-ओठ खाऊन. उठले नाही ते नाहीच. त्यांनी खिशातून टेप काढली, खुर्ची मोजली आणि गेले. संध्याकाळी चार ठोकळे घेऊन हजर! मध्ये खोबण, त्यात खुर्चीचे पाय बरोबर बसणारे. खुर्ची पाच इंच वर गेली, आणि मी बसल्या जागेवरून हात न टेकता उठले. एकदाच, पण उठले.

“आता दर गुरुवारी येऊन चार-चार सूत कापत जाईन,” ते म्हणाले. “चार सूत म्हणजे अर्धा इंच. दहा गुरुवारांत खुर्ची जमिनीवर.”

“आणि मी?”

“तुम्ही हवेत.”

ऐका, पोरींनो! सहासष्टाव्या वर्षी असं बोलणारा माणूस. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते उगीच नाही... पण त्या रात्री मी कूस बदलताना पहिल्यांदा कण्हायच्या ऐवजी हसले.

मग गुरुवार सुरू झाले. ते दुकानाच्या पायरीवर बसून ठोकळे कापायचे. भुसा उडायचा, त्याचा गोडसर वास माझ्या कागदांच्या वासात मिसळायचा. कापलेल्या चकत्या खिशात टाकून ठोकळे पुन्हा खुर्चीखाली लावायचे, आणि हात पाठीमागे बांधून माझ्यासमोर उभे राहून मोजायचे.

“हात मागे कशाला बांधता? शाळेत उभं केल्यासारखे?”

“मोकळे ठेवले तर तुम्हाला धरायला येतात. ऐकत नाहीत माझं.”

“वयाप्रमाणे वागायला सांगा त्यांना.”

“सांगून झालं,” ते म्हणायचे. “चार...! बसा हळू. पाच...!”

चार आठवड्यांनी व्यायामवाली मुलगी तक्ता भिंतीला चिकटवून यायची थांबली. मिस्त्री मात्र येत राहिले. आणि काय सांगू, माझी प्रगती अशी जोरात सुरू झाली! सहा, आठ, दहा. आठव्या आठवड्यात लागोपाठ बारा वेळा उठले आणि लेकीला फोन करून फुशारकी मारली. “ये तू खुशाल. बघच.” आता उभ्याने थोडं कामही करत होते. कॉलेजच्या लायब्ररीची तीस पुस्तकं बांधून दिली होती.

नवव्या गुरुवारी पाऊस होता, म्हणून त्यांनी आत बसून ठोकळे कापले. मध्येच चहा उतू जायला लागला, तो उतरवायला ते आत पळाले. तेवढ्यात एक चकती घरंगळत माझ्या पायाशी आली. वाकायची बंदी, म्हणून लेकीने आणून दिलेला लांब चिमटा होता. त्याने मी ती उचलली आणि अंगठा नि बोटात धरली.

उंची माझ्या डोळ्यांना कळत नाही. पण जाडी? चाळीस वर्षं पुठ्ठे हाताळलेत मी. जाडी माझ्या बोटांना झोपेतही कळते.

मिस्त्री दोन कप घेऊन बाहेर आले.

“ही किती जाड आहे?” मी विचारलं.

“ती होय... चार सूत.”

“मिस्त्री, हे एक सूत आहे. तेही ओढूनताणून.”

कपबशी वाजली. मिश्या खाली गेल्या.

“कधीपासून?”

“पाच गुरुवार झाले, आजचा धरून.”

मी मनातल्या मनात हिशेब केला. खुर्ची अजून दोन इंचांच्या वर होती. म्हणजे माझं ते बारा वेळा उठणं... माझी फुशारकी... सगळं या माणसाच्या करवतीचं देणं!

“का केलंत असं?”

ते कपाकडे बघत म्हणाले, “ठोकळे संपले की गुरुवार संपतात, बाइंडरबाई.”

पोरींनो, तुम्ही असता तर तिथेच विरघळल्या असता. खरं सांगते, मीही विरघळले. पण त्याच क्षणी माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली, आणि आग आधी तोंडापर्यंत पोचली.

“तुमच्या गुरुवारांपायी माझं दुकान जाईल! दहा दिवसांनी लेक येतेय. साध्या खुर्चीतून दहा वेळा उठता आलं नाही तर ती मला इथून घेऊन जाणार आहे. कायमची!”

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. “हे मला सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही माझे कोण, म्हणून सांगू?”

बोलले आणि जीभ चावली. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. मिस्त्रींनी कप खाली ठेवले.

“बरोबर आहे. मी कोणी नाही. चूक माझी, ती मोठी चूक आहे, आणि तुम्ही म्हणाल ती शिक्षा मला कबूल. पण एक सांगा.” त्यांनी वरच्या फळीकडे बोट केलं. तिथे त्यांची मापांची वही होती, पहिल्या दिवशी आणलेली. “कॉलेजची तीस पुस्तकं बांधून झाली. माझी अडतीस पानांची वही का होत नाही?”

“चोराच्या उलट्या बोंबा!”

“आधी म्हणालात दाभण सापडत नाही. मग म्हणालात दोरा संपला. मागच्या गुरुवारी म्हणालात सरस ओला आहे. सरस ओलाच असतो हो बाई, मीही वापरतो.”

माझे कान तापले. वही बांधून दिली तर हा माणूस ती घेऊन जाईल, या भीतीने मीच ती फळीवर चढवून ठेवली होती. फक्त माझ्या वेळकाढूपणाने त्याचं काही बिघडत नव्हतं, आणि त्याच्यामुळे माझं सगळं बिघडायची वेळ आली होती.

“ठोकळे काढा,” मी म्हटलं. “चारही.”

“एकदम?”

“एकदम.”

खुर्ची जमिनीवर आली. मी बसले. उठायला गेले तर अर्ध्यावरच मांड्या थरथरल्या आणि धपकन परत बसले. पुन्हा तेच. डोळ्यांत पाणी आलं. मिस्त्री एक पाऊल पुढे आले.

“हात मागे!” मी ओरडले.

त्यांनी हात मागे घेतले. “उद्या सकाळी येतो,” एवढंच म्हणाले.

“उद्या शुक्रवार आहे.”

“माहीत आहे.”

ते दहा दिवस मी विसरणार नाही. फोनवर व्यायामवाल्या मुलीने सांगितलं होतं, सकाळ-संध्याकाळ करा, कळ आली की थांबा. मिस्त्री दोन्ही वेळा यायचे. तिसऱ्या दिवशी मी एकदा उठले, तेव्हा आम्ही दोघंही खुळ्यासारखे टाळ्या वाजवत होतो. पाचव्या दिवशी चार. मध्ये दम खाताना त्यांनी सांगितलं, बायको सहा वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून घरी गेल्यावर आधी रेडिओ लावतात आणि मग दिवा. मी म्हटलं, मी आधी दिवा लावते, मग नवऱ्याच्या फोटोशी भांडते. आठव्या दिवशी सात. नवव्या दिवशी आठ, आणि ते आठही रडतखडत.

“नाही जमलं तर?” त्या संध्याकाळी मी विचारलं.

“तर...” ते थांबले. “तर तुमच्या लेकीच्या गावात लाकूडकाम मिळतं का, ते बघेन.”

मी पटकन तोंड फिरवलं. पाठीला झटका द्यायचा नसतो, तरी फिरवलं.

रविवारी लेक आली. सोबत एक मोठी बॅग, रिकामी. ती कोणासाठी, हे विचारायची गरज नव्हती. मिस्त्रींना पाहून तिने नमस्कार केला, खुर्ची मधोमध ओढली, आणि म्हणाली, “चल आई.”

मिस्त्री कोपऱ्यात उभे राहिले, हात पाठीमागे. मोजायचं काम त्यांचंच होतं.

पाचपर्यंत मी ताठ होते. सातव्याला कपाळावर घाम आला. आठव्याला पाठीत बारीक कळ. नवव्याला उठले तेव्हा लेकीने तोंड भिंतीकडे वळवलं होतं, तिला बघवत नव्हतं. मग बसले, आणि दहावं काही येईना. एकदा रेटलं, दोनदा रेटलं. पाय माझे राहिलेच नव्हते.

“किती झाले?” लेकीने तोंड न वळवता विचारलं.

एक शब्द. दहा म्हटलं असतं तर दुकान वाचलं असतं, मीही वाचले असते, आणि त्यांचे सगळे गुरुवारही. मी त्यांच्याकडे पाहिलं.

“नऊ,” मिस्त्री म्हणाले.

त्या क्षणी मला इतका राग यायला हवा होता! आणि आलं काय, तर हसू. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. या माणसावर आता डोळे मिटून विसंबता येईल, एवढंच मनात आलं. अकरा वर्षांत मी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. मी हात पुढे केला.

“मिस्त्री, हात द्या.”

ते दोन ढांगांत आले. तळहात खरखरीत होता आणि थंड पडला होता. मी उठले.

“आई, हात घेतलास,” लेक म्हणाली.

“खुर्चीला टेकवायचा नव्हता. टेकवला का?”

तिला हसू आवरेना आणि रडूही. नाक पुसत ती मिस्त्रींकडे वळली. “काका, मी तिच्यावर सूड नाही उगवत हो. मला फक्त झोप लागत नाही. उद्या ही पुन्हा पडली तर मला कोण कळवणार?”

“मी,” मिस्त्री म्हणाले. “रोज सकाळ-संध्याकाळ इथे असेन. यांनी हाकललं तरी.”

“रोज? कोणत्या नात्याने?”

मिस्त्री कानापर्यंत लाल झाले. जमिनीकडे बघत म्हणाले, “ते... यांनी ठरवायचं.”

लेकीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हाताकडे, मग पुन्हा माझ्याकडे. “आई, खरं सांग. तुला नक्की काय हवंय?”

बासष्ट वर्षांत हे मला कोणी इतकं सरळ विचारलं नव्हतं.

“मला हे दुकान हवंय,” मी म्हटलं, “आणि हा माणूस हवाय. पाठ जेवढी परत मिळेल तेवढी चालेल.”

मिस्त्रींची बोटं माझ्या बोटांभोवती घट्ट झाली. लेकीने रिकामी बॅग उचलून दाराबाहेर नेऊन ठेवली, आणि मी अजून उभीच होते.