हळू चढणारा पाळणा

चंद्रावरच्या त्या तळाची प्रमुख इरावती खांबेटे म्हणजे काटकसरीचा कहर! गाड्या हळू, पंखे हळू, दारंसुद्धा हळू. हळू चालवलं की वीज वाचते, हा बाईंचा नियम, आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती. मग खोल खाणीतून खाणकामगार विश्राम गावडेंना वर आणताना तिने माणसं वर-खाली नेणारा चुंबकी पाळणा अगदी कमी वेगावर ठेवला, यात नवल ते काय?

वीज थोडीच उरली होती. सौरपट्ट्यांवर ऊन यायला दोन दिवस होते, आणि पाळण्यात बसलेल्या गावडेंच्या पोशाखातून प्राणवायू गळत होता.

"मॅडम, वेग वाढवा," यंत्रविभागाचा नझीर मुल्ला म्हणाला. "हळू नेऊन काही वाचत नाही."

"शाळेत भौतिकशास्त्राच्या तासाला दांडी मारायचास का रे?" इरावती म्हणाली. नियंत्रणकक्षात हशा पिकला.

नझीरचा चेहरा पडला, पण तो हटला नाही. "तेच वजन, तीच उंची, तर चढवायची ऊर्जाही तीच. सावकाश न्या, नाहीतर झपाट्याने. पण आपल्या पाळण्याला दोर नाही, ब्रेक धुळीने जाम झालाय. त्याला नुसतं अधांतरी धरून ठेवायलाच चुंबकाची वेटोळी वीज खातात. जितका उशीर, तितकी जास्त."

"पुरे झालं!"

थोड्याच वेळात बॅटरीची घंटा वाजली. पाळणा जेमतेम अर्ध्या वाटेवर होता आणि वीज संपत आली होती. इरावतीला दरदरून घाम फुटला. इतकी साधी गोष्ट! तिला लाज वाटली, मान वर करवेना.

"आता पूर्ण वेगाने नेलं तर?" तिने खालच्या आवाजात विचारलं.

"तरी कमी पडेल."

"दुसरा पाळणा खाली सोडला तर? उतरताना तो वीज परत देतो ना?"

"देतो. पण तो इथून चालत नाही, आत बसूनच चालवावा लागतो. उतरणारा माणूस ऊन येईपर्यंत खालीच अडकेल."

"मला प्राणवायूच्या टाक्या भरून दे. आणि नझीर... माझं चुकलं. गावडेंना पूर्ण वेगाने वर घे, दुसरा पाळणा मी खाली नेते."

ती उतरू लागली तसा गावडेंचा पाळणा सुसाट वर निघाला. काचेपलीकडून ते क्षणभर दिसले. आपण गप्प राहिलो तर ते जन्मभर आपले उपकार मानतील, असं तिच्या मनात आलं, आणि त्या विचाराचीच तिला शरम वाटली.

"गावडे, तुम्हाला मधेच लटकवलं ते मीच," ती संपर्कयंत्रावर म्हणाली. "नझीर सांगत होता, मी ऐकलं नाही."

"ठाऊक आहे, मॅडम," गावडे धापा टाकत म्हणाले. "हे यंत्र सुरूच होतं. नझीरभाई बोलले ते ऐकलं मी. तुम्ही सगळे हसलात, तेही ऐकलं."