आडवे धागे

मोडलेल्या फळीचे दोन तुकडे टेबलावर ठेवले होते. तागाचे धागे घालून केलेल्या प्लास्टिकची फळी, वरून करडा रंग.

“तपासायला दुसरं कोणी नाही का?” तपास अधिकाऱ्याने विचारलं.

“नाही.”

कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती एकटीच होती. कारखान्याची भिंत दुरुस्त करताना परांचीवरची हीच फळी मोडली आणि तिचा नवरा खाली कोसळला. तिला अजून रडू आलं नव्हतं. तिने हातमोजे चढवले.

दीर दाराशी उभा होता. मोठ्या तक्त्यांतून फळ्या तोच कापायचा. ‘दादाने फळीवर पोत्यांची थप्पी लावली होती,’ असा जबाब त्यानेच दिला होता.

एका धड फळीतून तिने दोन पट्ट्या काढल्या, एक धाग्यांच्या दिशेने उभी, एक आडवी. उभी पट्टी यंत्रात खूप वाकली, करकरली, मग तुटली. टोकांना धाग्यांचे झुपके लोंबत होते. आडवी मात्र पाव भारालाच बिस्किटासारखी मोडली. झुपका नाही.

मेलेल्या माणसाच्या फळीलाही झुपका नव्हता.

तिने रंगाऱ्याला बोलावलं. “कडांना काय लावतोस?”

“पारदर्शक लॅकर. रंग फक्त वर-खाली.”

“मग हिच्या कडा करड्या कशा?”

“माझ्याकडे आली तीच तशी, ताई.”

ती अधिकाऱ्याकडे वळली. आवाज सपाट होता.

“जोर धाग्यांच्या लांबीत असतो. ही फळी आडवी कापली, म्हणजे भार नुसत्या प्लास्टिकवर आला. नीट कापलेली फळी ओझ्याने मोडली असती, तर धागे तुटून बाहेर आले असते. लॅकरमधून लांब कडेवर धाग्यांच्या रेघा दिसतात. हिच्यावर धाग्यांच्या टोकांचे ठिपके दिसले असते. ते कोणीतरी रंगवून झाकले, रंगाऱ्याकडे जाण्याआधी. त्याआधी फळी एकाच्याच हातात असते.”

दीर दारातून पुढे आला.

“तक्ता आखूड उरला होता, वहिनी. धाग्यांच्या लांबीत फळी बसेना. वाटलं, एवढ्याने काय होतंय.”

“आणि पोती?”

“नव्हती. घाबरलो मी.”

अधिकारी त्याला घेऊन गेला. तिने यंत्र बंद केलं.

घरी सासूबाईंनी विचारलं, “धाकटा कुठे राहिला?”

ती त्यांच्याजवळ बसली आणि अहवाल वाचावा तसं सगळं सांगितलं.

“म्हणजे पोती नव्हतीच?”

“नव्हती, आई.”

“मी म्हणतच होते,” त्या म्हणाल्या. “माझा मोठा निष्काळजी नव्हता.”

मग तिला रडू आलं.