आठवा रकाना

सावद्यात केळी पिकवायच्या सात खोल्या आहेत माझ्या. "वडिलांच्या" असं म्हणत नाही मी. ते जाऊन सोळा वर्षं झाली आणि तेव्हापासून खोल्या मीच चालवते. गावची बहुतेक केळी कच्चीच रेल्वेने दिल्लीकडे जाते. जळगाव-भुसावळच्या बाजारापुरता माल आम्ही इथे पिकवतो. हिवाळ्यात घड रचून दार लिंपायचं, आत धुरी द्यायची, ऊब धरून ठेवायची. ऊब कमी पडली तर केळी हिरवीच राहते, जास्त झाली तर गर आतून शिजतो. सगळा खेळ पाच-सहा अंशांचा. सकाळी मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि दुपारी घरी येऊन आकडे बघते. बाईमाणसाचं हे काम नव्हे, असं सांगायला येणारे आता थकले. मी थकले नाही.

१९८८ साली धुळ्यातला एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला. त्याच्या सामानात मला रबरी बटणांचा, टीव्हीला जोडायचा एक छोटा घरगुती कॉम्प्युटर मिळाला, आणि त्याच्या पाठीमागच्या खाचेत बसणारं एक कार्ड. तळहाताएवढं हिरवं कार्ड. कुठलंही तापमान तारेतून घ्यायचं आणि आकडा करून कॉम्प्युटरला द्यायचा, एवढंच त्याचं काम. पुण्यातल्या कुणा हौशी इंजिनियरने अशी चाळीसेक कार्डं बनवली आणि मग तो धंदा सोडून दिला, असं क्लासवाले म्हणाले. त्याला आठ तारा जोडता येत. मी सात खोल्यांत सात तारा सोडल्या, प्रत्येकीच्या टोकाला ऊब ओळखणारा काचेचा बारीक मणी. प्रोग्रॅम मीच लिहिला. दर दहा मिनिटांनी पडद्यावर आठ रकाने उमटत आणि छोट्या प्रिंटरवर छापले जात. आठव्या रकान्यात शून्य. आठ वर्षं शून्यच होतं.

१९९६च्या डिसेंबरात एका दुपारी मी शाळेतून आले तर लोटन टीव्हीसमोर उभा होता. लोटन शिंदखेड्याकडचा, अहिराणी बोलणारा, साठीला आलेला. वडिलांच्या वेळेपासून धुरीचं काम त्याच्याकडे. वाचता येत नव्हतं, पण आकडे ओळखायचा.

"अक्का, आठ नंबरमा आकडा उना."

३६.८.

मी पाठीमागे पाहिलं. आठव्या जागेला तार नव्हतीच. मोकळ्या टोकाला शेजारच्या तारेतून थोडी वीज झिरपते, असा आकडा येऊ शकतो; मी लोटनला तसं सांगितलं. मग ते टोक तांब्याच्या तारेने जमिनीला जोडलं. आता शून्य यायलाच हवं होतं. आलं ३६.८.

"हाई तं कोठेच जोडेल नही," लोटन म्हणाला. "मंग हाऊ आकडा कोना शे?"

पुढचे आठ दिवस आलेख कागदावर तो रकाना मांडत गेले. पहाटे ३६.३, संध्याकाळी ३७.१, पुन्हा उतार. दहावीच्या मुलींना मी दर वर्षी हा आलेख काढून दाखवते. निरोगी माणसाच्या शरीराचा.

जानेवारीच्या बारा तारखेला संध्याकाळी आठवा रकाना ३९.४ वर गेला. मी ठणठणीत होते. तेरा तारखेला संध्याकाळी मला हुडहुडी भरली. शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक घरी होता, तो जिभेखाली धरला. पारा एकोणचाळीस आणि चाळीसच्या मधे थांबला.

ताप उतरल्यावर मी तपासायला बसले. पंधरा दिवस, दिवसातून सहा वेळा मी माझं तापमान घेतलं आणि आदल्या दिवशीच्या कागदाशी ताडून पाहिलं. ओळीमागून ओळ जुळत गेली. आकडे माझे होते, आणि एक दिवस पुढचे होते.

मला राग आला. भीती नंतर, आधी राग. माझ्याच घरात, माझ्याच यंत्राने मला न विचारता माझं उद्या छापायचं? एका रविवारी सकाळी अकरा वीसला, काही कारण नसताना, मी शेजारच्या घरून बर्फ मागून आणला आणि तोंडात धरून तापमान घेतलं. ३१. मग कालचा कागद उलगडला. काल अकरा वीसला आठव्या रकान्यात ३१ पडलेलं होतं.

त्याच आठवड्यात जळगावहून रतिलालभाई आले. जुनी यंत्रं, रेडिओ, घड्याळं यांचा त्यांचा व्यापार. त्यांनी चहा घेतला, कॉम्प्युटरकडे ढुंकून पाहिलं नाही, सरळ त्याच्या पाठीमागे वाकले.

"बेन, हे कार्ड मला द्या. कॉम्प्युटर तर पुष्कळ मिळतात, हे मिळत नाही. मुंबईत शौकीन लोक आहेत, परदेशात पण आहेत. म्हणाल ते देतील."

"ते काय करणार त्याचं?"

"काचेच्या कपाटात ठेवणार."

"चालू?"

"चालू कशाला? वापरलं की किंमत उतरते."

"मग त्यांना सांगा, माझं वापरात आहे."

त्यांनी आकडा सांगितला. त्यात दोन नवे कॉम्प्युटर आले असते. मी कप उचलले आणि आत गेले. हे कार्ड येण्याआधी एका थंडीत माझ्या तीन खोल्या शिजल्या होत्या. तेव्हा पांढऱ्या टोपीतली सगळी शहाणी माणसं दारात हसायला जमली होती. कार्ड आल्यापासून एकही शिजली नाही. कपाटातल्या काचेला हे कसं कळणार?

फेब्रुवारीच्या चार तारखेला, मंगळवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आठवा रकाना उतरू लागला. ३६. ३४. ३१. साडेपाचला २६ वर आला आणि तिथेच थांबला. भिंतीवरचा तापमापक पाहिला. घरातल्या माझ्या खोलीतली हवा २६ होती.

लोटन माझ्यामागे उभा होता. रकाना माझ्या उद्याचा आहे हे त्याला ठाऊक होतं; समजावून सांगावं लागलं नाही.

"दी टाका रतिलालभाऊले, अक्का. आजच दी टाका. नही तं मी फोडी टाकस."

"हात लावायचा नाही," मी म्हणाले. "तीन नंबर आणि पाच नंबर भरलेल्या आहेत. परवा माल जायचाय. कार्ड फोडून माझं उद्या फुटणार आहे का?"

"तुमनं काय व्हई?"

"उद्या चारला बघू."

बुधवारी मी शाळेत गेले. आठवीला उष्णतेचं वहन शिकवलं, एका मुलीला गृहपाठ न आणल्याबद्दल रागावले. दोनला घरी आले. डॉक्टर भिरूडांना बोलावून घेतलं. म्हटलं, कारण विचारू नका, चार ते सहा माझ्याजवळ बसा. ते वडिलांचे स्नेही. त्यांनी बॅग उघडून रक्तदाब घेतला. सगळं ठीक होतं. लोटन उंबऱ्यावर बसला होता, तोंड बाहेर करून.

चार वाजले.

मी ठरवलं होतं, पडून राहायचं नाही. खुर्चीत ताठ बसले. जिभेखाली तापमापक, समोर टीव्ही.

चार दहा. पारा ३६ वर.

थंडी वाजत नव्हती. काहीच वाटत नव्हतं.

३४.

डॉक्टरांनी माझा हात धरला. घड्याळ पाहत राहिले.

"नाडी बहात्तर," ते म्हणाले.

३१.

"वच्छला, तुला काय होतंय?"

"काही नाही, काका."

२८.

त्यांनी तापमापक माझ्या हातून घेतला, झटकला, स्वतःच्या तोंडात धरून पाहिला. पारा सरळ सदतीसवर गेला. मग पुसून मला परत दिला.

२६.

त्यांनी पुन्हा नाडी पाहिली. बहात्तर. माझा हात सोडला तेव्हा बोटं धोतराला पुसली. कळत नकळत पुसली असतील.

"मी मेले का, काका?"

ते बॅग बंद करत होते. चहा ठेवलेला होता, तो तसाच राहिला. दारात लोटनला ओलांडून ते रस्त्याला लागले.

मी उठले. पाच नंबरची ऊब वर चालली होती, पडद्यावर दिसत होती. दार फोडायची वेळ झाली होती.

"तुम्ही बठा, अक्का," लोटन म्हणाला. "खोली मी उघाडसू."

"माझी खोली आहे," मी म्हणाले, आणि कुदळ घेऊन गेले. लिंपण फुटलं, धूर अंगावर आला, आतली केळी एकसारखी पिवळी निघाली होती. गुरुवारी गाडी जळगावला गेली.

याला दोन वर्षं झाली. मी शाळेत जाते, खोल्या भरते, जेवते, भांडते. गेल्या महिन्यात रतिलालभाई पुन्हा आले, तिप्पट आकडा घेऊन. मी पुन्हा नाही म्हटलं. यंत्र चालू आहे आणि मी पण चालू आहे. दोघांनाही काचेत जायचं नाही. आठव्या रकान्यात आता जे येतं ते दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या पाऱ्याशी जुळतं. मे महिन्यात ४४ होतं. मी त्याच्याकडे फार बघत नाही.

संध्याकाळी ओट्यावर वह्या तपासत बसते. केळीच्या बागा गावाला अगदी चिकटून आहेत, त्यामुळे दिवेलागणीला अंगाची ऊब हुडकत डासांचे थवेच्या थवे येतात. लोटन शेजारी बसून पोटऱ्यांवर थापट्या मारत असतो, शेवटी वैतागून आत जातो. मी अंधार पडेपर्यंत बाहेर बसू शकते. माझ्यावर एकही बसत नाही.