क्लच नसलेली गाडी

वाघबिळाच्या वळणावर भूपालनं मोटरसायकल थांबवली, कारण समोरची गाडी येतेय की जातेय हेच त्याला कळेना.

काळी, लांबलचक अमेरिकन गाडी होती. पन्हाळ्याचा घाट चढत होती खरी, पण डिकी पुढं आणि दिवे मागं. चालवणारी मुलगी सीटच्या पाठीवर एक हात टाकून, मान पार वळवून मागच्या काचेतून रस्ता बघत होती. दिवाळी होऊन गेली तरी पाऊस हटला नव्हता. भुरभुर चालूच होती, आणि त्या ओल्या काचेतून तिला बिचारीला कितपत दिसत होतं कोण जाणे.

त्यानं हात केला. गाडी थांबली.

"पन्हाळ्याला चाललाय की कोल्हापूरला?" त्यानं विचारलं.

"पन्हाळ्याला."

"मग तोंड कोल्हापूरकडं कसं?"

"गाडीचं आहे तिकडं. माझं पन्हाळ्याकडंच आहे की." एवढं बोलून तिनं दुखरी मान चोळली, आणि मग तिलाच हसू आलं. "पुढं जातच नाही हो ही. चढ लागला, थांबली, पुन्हा सोडली तर नुसतं इंजिन ओरडतंय. मागं मात्र छान जाते. वर वडील, आमचे आप्पा, वाट बघत बसलेत… म्हटलं, अशी तर अशी."

भूपाल पावसात उभा राहून तिच्याकडं बघत राहिला. अशी अडचण आणि त्यावर असा उपाय त्यानं आजवर ऐकला नव्हता.

"पुढच्या वळणावर एसटी अंगावर आली तर?" तो म्हणाला. "थांबा जरा. मी पुढं जातो. मी हात केला की या."

आणि तो आला तसाच परत वर निघाला. प्रत्येक वळणावर मोटरसायकल आडवी लावून उभा राहायचा, वरून काही येत नाही बघून हात उंच करायचा. सगळा घाट तिनं त्याला त्या मागच्या काचेतच बघितला – थेंबांच्या मागं, भिजलेला, हात वर केलेला. माथ्यावर पोचेपर्यंत तिची मान लाकडासारखी झाली होती. तरी उतरल्यावर तिनं पहिल्यांदा विचारलं ते हेच:

"तुम्ही तर खाली चालला होता ना?"

"होय. एका मळ्यात इंजिन बसवून परत निघालो होतो." त्यानं रुमालानं तोंड पुसलं. "मी भूपाल मगदूम. उद्यमनगरात आमचा ऑइल इंजिनाचा कारखाना आहे. पण आधीच सांगतो, असल्या गाडीतलं मला काही कळत नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. "आतापर्यंत भेटले त्या सगळ्यांना कळत होतं."

तिचं नाव पद्मल आवटी. शाहूपुरीतल्या गुळाच्या बाजारात तिच्या वडिलांची, तवनाप्पांची, मोठी अडत होती. एके काळी हा माणूस घरात सापडायचा नाही. आज आजऱ्याला, उद्या राधानगरीला, गुऱ्हाळ दिसलं की उतरायचं, गरम गूळ चाखायचा, भाव ठरवायचा. मग एक दिवस भरलेली गाडी बाजारातच त्यांच्या डाव्या पायावरून गेली आणि गुडघ्याखालचा पाय काढावा लागला. त्यानंतर ते सोप्यावरच्या खुर्चीत बसले ते बसलेच. बोलणंही कमी झालं. घरात कुणी मोठ्यानं हसलं तरी अव्वाला, पद्मलच्या आईला, चोरी केल्यासारखं वाटायचं.

एका संस्थानिकाची ही गाडी विकायला निघाली तेव्हा तवनाप्पांनी ती घेतली, आणि लोक म्हणाले, म्हाताऱ्याला शौक सुचला. शौक नव्हता तो. या गाडीला क्लच नव्हता. गिअर गाडीच आपोआप बदलायची. डाव्या पायाला कामच नव्हतं. शिकायला थोडे दिवस गेले, आणि तवनाप्पा पुन्हा गुऱ्हाळं हिंडायला लागले. पद्मललाही त्यांनीच शिकवलं. "लांबच्या वाटंला दुसरा हात असावा," म्हणाले.

म्हणून त्या दिवशी आप्पांना घेऊन पन्हाळ्यावरून उतरताना पद्मलचं सगळं लक्ष गाडीच्या आवाजाकडं होतं. उतारावर गाडीनं वेग घेतला तसा तिनं गिअर गपकन पकडला आणि ती सपाटीवरही झकास धावायला लागली. पद्मलच्या जिवात जीव आला. पण पंचगंगेच्या पुलावर उसाच्या बैलगाड्यांची रांग होती. थांबावं लागलं. आणि मग पुन्हा तेच… इंजिन ओरडतंय, गाडी जागची हलत नाही.

तिथून शाहूपुरीपर्यंत त्यांची वरात उलटी निघाली. लोक दुकानातून बाहेर येऊन बघत होते. कुणी तरी ओरडलं, "तवनाप्पा, पुढनं भ्या वाटतंय व्हय?"

तवनाप्पा समोर बघत बसले होते. घरी उतरल्यावर कुबडी घेत ते म्हणाले, "मुंबईचा एक जण भंगारात घ्यायला तयार हाय. रविवारी या म्हणून सांगतो त्याला."

"आप्पा, नीट होईल ती."

"कोण करणार? आधीच्यांनी बिघडवूनच ठेवली, आता एकजण हात लावायला तयार न्हाई. ऱ्हाऊ दे आता."

आणि ते खुर्चीत जाऊन बसले. त्याच खुर्चीत.

दुसऱ्या दिवशी पद्मल उद्यमनगरात गेली. लेथच्या आवाजात भूपालला हाक ऐकू येईना, म्हणून ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यानं मशीन बंद केलं. तिला बघून त्याचा चेहरा असा उजळला, की त्यानं तो झाकायला उगाच खाली बघून हात पुसले.

"आजपण उलट्या आलात का?"

"चालत आले. सुलटी." ती हसली नाही. "रविवारी गाडी भंगारात जाणार आहे."

त्यानं स्टूल ओढून दिलं. सगळं ऐकून घेतलं. मग सावकाश म्हणाला, "मी पदविका केली ती इंजिनाची. असला गिअरबॉक्स उघडलेला नाही. उघडला आणि परत जुळवता नाही आला, तर आहे तो रिव्हर्सपण जाईल. मला भीती वाटते, खरं सांगायचं तर."

"मलाही वाटते. म्हणून तर तुमच्याकडं आले. न भिणाऱ्यांनीच गाडीची ही गत केलीय." ती थांबली. "एक सांगू? उतारावर वेग आला की ती पकडते. एकदा पकडली की सपाटीलाही नीट जाते. थांबली, की संपलं."

भूपालनं मान वर केली. "पुन्हा सांगा."

तिनं पुन्हा सांगितलं. तो खडू घेऊन फरशीवर उकिडवा बसला. पुढचे चार गिअर, मागचा एक. वरचे दोन चालतात. मागचा चालतो. खालचे दोन तेवढे नाहीत. म्हणजे त्या दोघांनाच लागतं असं काही तरी आत सुटलंय… गिअरबॉक्सातला ढोल फिरू नये म्हणून त्याला आवळून धरणारा पट्टा असतो, एवढं त्यानं एका मासिकात वाचलं होतं. तो पट्टा झिजून सैल पडला असेल तर?

"आणि सैल पडणारी वस्तू," तो स्वतःशीच म्हणाला, "आवळायची सोय कुणी तरी बाहेरनं ठेवली असणारच की. प्रत्येक वेळी सगळा गिअरबॉक्स कोण खोलत बसेल?"

पद्मल त्याच्याशेजारी फरशीवर कधी बसली ते दोघांनाही कळलं नव्हतं. तिच्या पातळाच्या काठानं खडूच्या रेघा पुसल्या गेल्या होत्या.

"तुम्ही हे नीट बघितलं नसतं तर मला काही सुचलं नसतं," तो म्हणाला.

"मी काय, नुसती चालवत होते."

"तेच तर."

शनिवारी सकाळी तो आवट्यांच्या अंगणात आला. तवनाप्पांनी सोप्यावरनं एकदा बघितलं आणि "करा काय करायचं ते, पावणं," एवढंच म्हणून डोळे मिटले. गाडीची पुढची चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवून भूपाल खाली शिरला. शेजारच्या वखारीतून नव्या गुळाचा वास येत होता. बराच वेळ नुसती खुडबूड ऐकू येत राहिली. मग खालून आवाज आला, "आहे. बाहेरनंच आहे. एक स्क्रू आणि त्यावर नट."

पद्मल स्टिअरिंगमागं बसली होती. तिला खालून फक्त त्याचा आवाज येत होता, आणि त्याला वरून तिचा. तो पट्टा थोडा आवळायचा, बाहेर यायचा, मग तिनं इंजिन चालू करून गिअरचा दांडा पुढं टाकायचा, गाडी घेते का बघायचं, पुन्हा बंद. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा जरा थरथरली. मग तो पुन्हा खाली गेला आणि नट सैल होईना म्हणून पान्याशी झटत राहिला.

"इचलकरंजीचे लोक बघायला येणारेत म्हणे तुम्हाला," खालून आवाज आला.

पद्मलनं स्टिअरिंग घट्ट धरलं. "कुणी सांगितलं?"

"अव्वा चहा देताना म्हणाल्या."

"यायचेत. मी नाही म्हणणार आहे."

"का?"

"मी गेले तर आप्पांना कोण नेणार? बसून राहतील ते तिथंच. तुम्ही तेव्हाचं घर बघितलं नाहीत…"

पाना थांबला होता. मग हळूच पुन्हा फिरला.

"मग ही गाडी नीट व्हायलाच पाहिजे," तो म्हणाला.

"म्हणजे मी जावं म्हणून?" तिच्या आवाजात नको तेवढी धार आली.

खाली पाना नटावरून घसरला.

"जायचं म्हणजे लांबच जायला पाहिजे असं कुठं आहे?" तो म्हणाला. "उद्यमनगर… शाहूपुरीपासून काही लांब नाही."

समोरच्या काचेवर भुरभुर पाऊस जमत होता आणि पद्मलला वायपर लावायचंही सुचेना. शेवटी ती म्हणाली, "आवळून झालं असेल तर बाहेर या. चालू करायचीय."

तो बाहेर आला, तिच्याकडं न बघता ठोकळे काढले आणि बाजूला झाला. तिनं दांडा पुढं टाकला. एक हलकासा हिसका बसला, आणि गाडी पुढं निघाली. इंजिन ओरडलं नाही. अंगणाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गाडी गेली, थांबली, पुन्हा निघाली.

पद्मलनं इंजिन बंद केलं आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. तिला रडू येत होतं, आणि एवढं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

मान वर केली तेव्हा तवनाप्पा कुबडी टेकत दाराशी उभे होते. "उतर."

"मी येते बरोबर."

"नको. मी एकटा जातो."

गाडी फाटकातून बाहेर पडली आणि वळणावर दिसेनाशी झाली. दोघं अंगणात उभे राहिले. अव्वानं पुन्हा चहा केला, तो गार झाला. तवनाप्पा येईनात.

"पुन्हा अडली असेल का?" पद्मलनं विचारलं.

"पट्टा जुनाच आहे…" भूपालचा चेहरा उतरला होता. "जास्त आवळला असेल माझ्याकडनं. मी बघून येतो."

त्यानं मोटरसायकलला किक मारली तेवढ्यात हॉर्न वाजला. गाडी सरळ, तोंड पुढं करून, फाटकातून आत आली. तवनाप्पांच्या शेजारी खाकी शर्टातले, हाताला ग्रीस लागलेले एक गृहस्थ बसले होते.

"बाबा?" भूपाल म्हणाला.

"चढावर मुद्दाम थांबवली," तवनाप्पा उतरता उतरता सांगत होते, आणि त्यांचा आवाज गुळाच्या सौद्यातला, जुना, मोठा होता. "पुन्हा सोडली. निघाली. पुन्हा थांबवली, पुन्हा निघाली. मग म्हटलं, उद्यमनगर किती लांब हाय ते तरी बघून यावं." पद्मलचा चेहरा लाल झाला. "गाडीखालनं बोललेलं सोप्यावर समदं ऐकू येतंय. मगदूम, चला आत. पोरांचं पोरांस्नी ठरवू दे, आपण चहा घिऊ. आणि त्या मुंबईवाल्याला येऊ नको म्हणून कळवायचं हाय."

दोन्ही म्हातारे आत गेले. अंगणात पाऊस आणि हे दोघं.

"हात धुवा," पद्मल म्हणाली. रॉकेलचा बोळा त्याच्या हातात देऊन ती न्हाणीजवळून तांब्या भरून घेऊन आली. तो हात चोळत होता, ती पाणी घालत होती. काळं पाणी फरशीवरून वाहत गेलं.

"तोंडावर का नाही विचारलंत?"

"गाडीखाली होतो म्हणून धीर झाला. तुम्ही समोर असता तर…"

"आता आहे समोर."

त्यानं मान वर केली. कपाळावर ग्रीसचा पट्टा तसाच होता.

"पद्मल, माझ्याशी लग्न कराल का?"

"करेन," ती म्हणाली. तांब्यातलं पाणी संपलं होतं, पण तिनं तो तसाच त्याच्या हातांवर धरला होता, आणि तोही ओंजळ काढून घेत नव्हता.