सगळ्यांची एकच टोपली

दत्ताराम शिगवण बोलायला लागले, की त्यांची बायको डोक्यावर पदर घ्यायची.

"ह्यांचा आवाज नव्हे हा," सुलोचनाबाईंनी ऋजुताला ठणकावून सांगितलं. "परक्या बाप्याशी घरात बोलायचं तरी कसं?"

दत्ताराम म्हणजे चिपळूणच्या एसटी स्टँडवर उभी हयात गाड्या पुकारलेला माणूस. कर्करोगात स्वरयंत्र गेलं आणि गळ्याला बोलपेटी आली. ओठांची हालचाल वाचायची आणि माणसाच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून त्याचाच आवाज घडवायचा, हे तिचं काम. तिचा प्रोग्रॅम ऋजुताने रुबी भाषेत लिहिला होता. सगळे यंत्राकडून प्रोग्रॅम लिहून घेत, तेव्हा ही हट्टाने स्वतः लिहायची. आता त्या हट्टाची चांगलीच शोभा झाली होती. स्वरयंत्र गमावलेल्यांच्या रुग्णमंडळातले सगळे, बाया काय नि बाप्ये काय, एकाच घोगऱ्या आवाजात बोलत होते. नवऱ्याचा आवाज ऐकायला आसुसलेल्या सुलोचनाबाई आज त्याला घेऊन पेटी परत करायला मंडळाच्या बैठकीत आल्या होत्या.

"थोडा वेळ द्या, काकू," ऋजुता म्हणाली.

तिने आवाजांचा हॅश उघडला. हॅश म्हणजे नावानिशी कप्प्यांचं कपाट. नाव सांगितलं की त्याचे नमुने मिळतात. कपाट चक्क रिकामं होतं. मग ही माणसं बोलत होती कशाच्या जोरावर? सहज म्हणून तिने स्वतःचं नाव टाकलं आणि एका पेटीपुढे नुसते ओठ हलवले. तिने एकही नमुना दिला नव्हता, तरी पेटी त्याच घोगऱ्या आवाजात म्हणाली, "नमस्कार, मी ऋजुता."

ऋजुताने कपाळावर हात मारला आणि हसत सुटली.

"काकू, ज्याला कप्पा नाही त्याला रिकामी टोपली दे, असं मी सांगून ठेवलं होतं. पण टोपली तयार करूनच दिली. मग रुबी तीच एक टोपली सगळ्यांपुढे धरते. सगळ्यांचे आवाज तिच्यातच पडले, कप्पा कुणाचाच झाला नाही. टोपली द्यायची नसते, कशी विणायची ते ब्लॉकमध्ये, सूचनांच्या तुकड्यात, लिहायचं असतं. म्हणजे ज्याची त्याला नवी."

"मग लिही की," सुलोचनाबाई म्हणाल्या.

ऋजुताने एक ओळ बदलली आणि सगळ्यांची ध्वनिमुद्रणं पुन्हा भरली. दत्तारामांनी ओठ हलवले. "गुहागरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे." तोच खणखणीत आवाज. सुलोचनाबाईंचा पदर खांद्यावर घसरला. त्या हसत होत्या आणि रडतही होत्या.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या अनंत भुवडांनी टेबलावर थाप मारली. त्यांचे ओठ हलत होते आणि पेटी मुकी होती. त्यांचं ऑपरेशन फार जुनं. तेव्हाचा आवाज कुणी जपलेलाच नव्हता. इतके दिवस ते इतरांच्या टोपलीवर बोलत होते, आणि दुरुस्तीने त्यांच्या तोंडचा शब्द काढून घेतला होता. ऋजुताचा चेहरा उतरला.

"माझा घे," दत्ताराम म्हणाले. मग एकेक करत सगळेच तेच म्हणाले, प्रत्येक जण आपापल्या आवाजात.

ऋजुताने सगळ्यांच्या नमुन्यांच्या प्रती काढून अनंतरावांच्या टोपलीत ठेवल्या. प्रतीच, मूळ टोपल्यांत पुन्हा सरमिसळ नको. या वेळी सगळं समजून उमजून केलं होतं.

अनंतरावांनी घसा खाकरल्यासारखं केलं आणि सगळ्यांकडे मिश्कीलपणे पाहिलं.

"उद्या तुमच्यापैकी कुणाशी माझं भांडण झालं," ते त्याच घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तर हा आवाज कुणाची बाजू घेईल?"